सोळा वर्षांखालचे आजोबा

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागच्या बोळात एक्स-रे विभाग होता आणि तिथल्या टेक्निशियनला सगळे आजोबा म्हणत. नव्याने आलेल्या नर्सला वाटायचं, कुणीतरी पिकल्या केसांचा, निवृत्तीला टेकलेला माणूस असेल. ती आत डोकावायची तर शिशाचा जड एप्रन घालून उभा असलेला चाळिशीचा, काळ्याभोर केसांचा सडपातळ माणूस दिसायचा. मग ती विचारायची, आजोबा का म्हणून? कुणीतरी हसत हसत सांगायचं, की हे आपले आजोबा लहानपणी वय चोरून देशाच्या सोळा वर्षांखालच्या फुटबॉल टीममध्ये घुसले होते आणि पकडले गेले. ती हसायची. तोही हसायचा. न हसून जातो कुठे? टोपणनाव एकदा चिकटलं की ते कातडीसारखं होतं, ओरबाडायला गेलं तर आपलंच रक्त निघतं.

खरं पाहायला गेलं तर त्या टीमकडून तो एक मिनिटही खेळला नव्हता. खेळला होता त्याचा थोरला भाऊ.

थोरल्याला तेव्हा अठरावं सरलेलं होतं, पण अंगाने किडकिडीत आणि ओठावर लव नाही. टीमचा त्या वेळचा मॅनेजर एकदा घरी आला, वडिलांना बाजूला घेऊन बसला आणि उठताना धाकट्याच्या जन्माचा दाखला खिशात घालून गेला. धाकटा तेव्हा पुरता पंधराचाही नव्हता. त्याला कुणी विचारलं नाही. दारात उभी असलेली सायकल घरातल्या कुणीही उचलून न्यावी, तसं त्याचं नाव थोरल्याने उचललं आणि परदेशी घेऊन गेला.

देशाच्या त्या पोरसवदा टीमचा इतिहास तोवर सांगण्यासारखा काही नव्हता. जायचं, पहिल्या फेरीत मार खायचा, विमानतळावर आईबापांच्या गळ्यात पडून रडायचं आणि पुन्हा शाळेत जाऊन बसायचं, हाच काय तो इतिहास. त्या वर्षी मात्र आक्रीत घडलं. टीम पहिली फेरी जिंकली, दुसरी जिंकली आणि मग शेजारच्या देशाला तिने असं काही लोळवलं की लोक दुकानं सोडून रस्त्यावर आले. बहुतेक गोल एकट्या थोरल्याचे होते, म्हणजे नावाने धाकट्याचे. आणि ज्याच्या नावाने देश नाचत होता तो मावशीच्या घरी, मागच्या खोलीत, खिडक्या लावून बसला होता. कारण हा पोरगा परदेशात खेळतोय असं शाळेला कळवलेलं. तो गल्लीत दिसला असता तर बिंग फुटलं असतं. मावशी ताट आत आणून द्यायची आणि बाहेरून कडी लावून जायची. रेडिओवर समालोचक घसा फोडून त्याचं नाव घ्यायचा, आणि हा कॉटवर बसून ऐकायचा की आपण डावीकडून मुसंडी मारली, दोघांना चकवलं आणि गोल केला. पहिल्या दोन मॅचेसना त्याला गंमत वाटली. तिसऱ्या मॅचला तो उशीत तोंड खुपसून रडला, कारण डावीकडून मुसंडी मारायची कला थोरल्याने त्याच्याकडूनच उचलली होती. डावरा होता तो धाकटाच. थोरल्याचा डावा पाय नुसता उभं राहायच्या कामाचा.

सेमीफायनलच्या आधी कुणीतरी तक्रार केली. आयोजकांनी पोरांच्या मनगटांचे एक्स-रे काढले आणि थोरल्याचं मनगट पुरुषाचं निघालं. टीम घरी. सगळे निकाल पुसले, सगळे गोल रद्द, देशावर दोन वर्षं बंदी, आणि त्या नावावर पाच वर्षं. ते नाव कुणाचं होतं, हे आता वेगळं सांगायला नको.

थोरला परत आला तेव्हा गल्ली दाराशी जमली होती. लोकांना सगळं ठाऊक होतं आणि नेमकं काय बोलावं ते कुणाला सुचत नव्हतं. तेवढ्यात धाकटा मावशीकडून घरी आला. थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "या आजोबा. कागदावर म्हातारे तुम्ही." गल्ली पोट धरधरून हसली. थोरल्याची लाज त्या हसण्यात धुऊन निघाली आणि सगळं गढूळ पाणी धाकट्याच्या अंगावर आलं.

वडील फुटबॉल फेडरेशनकडे गेले, नाही असं नाही. मॅनेजरने त्यांना सरळ सांगितलं, खरं बोलाल तर दाखल्याच्या लबाडीसाठी तुम्ही आत जाल आणि दोन्ही पोरं बाद होतील. गप्प राहाल तर एक तरी वाचेल. वडील घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. आईने धाकट्याला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तू लहान आहेस ना, तू समजून घे." बाकीच्या घरांत मोठ्याला समजून घ्यायला सांगतात. या घरात तेही उलटं होतं.

पुढच्या वर्षी तो तरीही निवड चाचणीला गेला. नवे बूट होते. फाटकावरच्या माणसाने नाव विचारलं, शेजारच्याला कोपरखळी मारली आणि म्हणाला, "अरे, आजोबा आले." मैदानावर पाऊल टाकायलाही त्यांनी त्याला दिलं नाही. त्याच महिन्यात थोरल्याला स्वतःच्या नावावर, स्वच्छ कोऱ्या नावावर, शहरातल्या मोठ्या क्लबने घेतलं. पाच वर्षांनी बंदी उठली तेव्हा धाकटा हाडांचे फोटो काढायला शिकत होता, आणि थोरला देशाचा कॅप्टन झाला होता. लोक त्याला अजूनही कॅप्टनच म्हणत. खेळणं सुटल्यावर तो शिकवायला लागला, आणि चढत चढत त्याच टीमचा, देशाच्या सोळा वर्षांखालच्या टीमचा मुख्य कोच झाला.

एवढ्या वर्षांत त्याने धाकट्याला एकदाही म्हटलं नाही की माझं चुकलं. साधं, जेवताना, मान खाली घालूनही नाही. आईला भेटायला यायचा तेव्हा दारातूनच हाक मारायचा, काय आजोबा, गुडघे कसे आहेत? आणि धाकटा ताटं वाढायचा. गप्प बसणं म्हणजे विसरणं असं थोरला समजत होता. धाकट्याने मात्र सापासारखा डूख धरला होता. मनगटाच्या हाडांतच त्याने जन्म घालवला तो काही उगाच नाही. ज्या हाडाने आपलं वाटोळं केलं ते हाड त्याला रोज समोर हवं होतं.

आणि थोरल्याच्या हाताखाली एका वर्षी टीम पात्र ठरली. मधल्या सगळ्या वर्षांत तिने इतका मार खाल्ला होता की पेपरवाले निकालसुद्धा आतल्या पानावर, हवामानाच्या खाली छापत. आता पुन्हा तीच स्पर्धा, पुन्हा रस्त्यात पोरांच्या तोंडी तीच टीम. श्रेय सगळं कॅप्टनचं. जायच्या आधी प्रत्येक पोराच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायचा असा आता नियमच होता. एकदाच काढायचा, डॉक्टर म्हणतील ते शेवटचं, दुसरी संधी नाही. जो नापास होईल त्याच्या नावावर बंदी. फेडरेशनने त्यासाठी याच हॉस्पिटलची निवड केली.

सकाळी पोरं आली. ट्रॅकसूट, नव्या बुटांचा वास, एकमेकांच्या डोक्यात टपल्या. बोळातल्या बाकांवर मावेनात म्हणून अर्धी जमिनीवर बसली. कॅप्टन मधोमध उभा राहिला, गळ्यात शिट्टी, पोट जरा सुटलेलं, आवाज तोच. धाकटा दारात उभा राहून पाहत होता. त्याला वाटलं होतं, आज, निदान आज, या खोलीसमोर आणि या हाडांच्या निमित्ताने हा माणूस नजर तरी चुकवेल.

कॅप्टनने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि पोरांना म्हणाला, "हे माझे धाकटे बंधू. यांना सगळे आजोबा म्हणतात. का, माहीत आहे? तुमच्या वयाचे असताना यांचं मनगट खोटं निघालं. आपला देश फायनलच्या उंबरठ्यावर होता आणि यांच्यापायी परत आला. आज हा माणूस इथे अंधारात फोटो काढत बसतो. खोटं बोलून खेळलं की काय होतं ते डोळे भरून बघून घ्या."

पोरांनी डोळे भरून बघून घेतलं. काही हसली, काहींनी जीभ चावली. धाकट्याच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला खरा धक्का बसला तो तिथे. त्या तोंडावर लबाडी नव्हतीच. इतक्या वर्षांत सांगून सांगून थोरल्याला स्वतःलाच ते जवळजवळ खरं वाटू लागलं होतं. त्याच्या लेखी जणू धाकटाच खेळला होता, धाकटाच पकडला गेला होता. नाव नेलं ते नेलं, आता पापही सहीशिक्क्यानिशी आणून घरी पोचवलं होतं.

"चला," धाकटा म्हणाला, "एकेक जण आत या."

पोर वाढत असेल तर मनगटाजवळ, हाडाच्या टोकाशी, एक बारीक काळी रेघ दिसते. वाढ संपली की हाड जुळून येतं आणि रेघ मिटते. रेघ असली तर खेळा, मिटली तर घरी. एकामागून एक पोरं येत होती, टेबलावर हात पसरत होती, आणि पडद्यावर रेघा उमटत होत्या. कॅप्टनने या खेपेला खरोखरच चोख काम केलं होतं. एकही मनगट वावगं नव्हतं. याचा धाकट्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला राग आला. याला म्हणजे आता प्रामाणिकपणाही परवडायला लागला.

मग डावरा आला. टीमचा सगळा डोलारा या पोरावर उभा होता; पात्रता फेरीतले गोल त्याचे, पेपरांतले फोटो त्याचे. कॅप्टनने त्याला कुठल्याशा आडगावच्या शाळेतून शोधून काढला होता आणि स्वतःच्या घरी ठेवून वाढवला होता. पोरगा उंच, आवाज फुटलेला, ओठावर चांगली मिसरूड. बघणाऱ्याला शंका यावी असाच. त्याने हात ठेवला आणि हळूच विचारलं, दुखत नाही ना, काका? धाकटा म्हणाला, नाही रे, फोटोच तो. पोरगा जरा थांबून म्हणाला, "काका, तुम्ही डावीकडून खेळायचात ना? कॅप्टनसरांच्या घरी आजी म्हणाल्या मला. तुमच्यासारखा डावा पाय त्यांनी परत पाहिला नाही म्हणाल्या."

म्हणजे आई थोरल्याकडे राहायला गेली की परक्या पोरांना हे सांगत होती. घरात मात्र तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. धाकट्याने बटण दाबलं. पडद्यावर रेघ उमटली, पेन्सिलीने ओढावी तशी स्वच्छ. मिशी असो नाहीतर आवाज, पोरगा सोळाच्या आतलाच होता.

"झालं. जा," तो म्हणाला.

पोरगा गेल्यावर तो त्या रेघेकडे बघत राहिला. कॅप्टनचं सगळं आयुष्य त्या रेघेवर लटकत होतं. ती असली तर थोरला पुन्हा खांद्यांवर बसून मिरवणार. ती नसली तर टीमचा कणा मोडला, आणि ज्याने घरात ठेवून वाढवलं त्याच्यावरच सगळे बोट ठेवणार, की वय माहीत असून आणलं. देश थुंकला असता त्याच्या तोंडावर. किती वर्षं धाकटा ही संधी शोधत होता, आणि ती ट्रॅकसूट घालून चालत आली होती.

फोटो खराब आला तर खोडायची सोय मशीनमध्ये असते. त्याने कारण टाकलं, ‘पेशंटचा हात हलला’, आणि रेघ पडद्यावरून नाहीशी झाली. जेवणाच्या सुट्टीत बोळ रिकामा झाला. त्याने दाराला आतून कडी लावली. एप्रन खुंटीला अडकवला, घड्याळ काढलं, बाही वर सारली आणि स्वतःचं डावं मनगट टेबलावर ठेवलं. बटणाची वायर लांब होती. उजव्या हाताने ती ओढून त्याने बटण दाबलं. पडद्यावर एका जाणत्या पुरुषाचं हाड उमटलं, जुळून मिटलेलं, रेघेचा मागमूस नसलेलं. वर पोराचं नाव. थोरल्याने त्याचं नाव स्वतःच्या हाडाला लावलं होतं; त्याने स्वतःचं हाड थोरल्याच्या लाडक्या पोराच्या नावाला लावलं. त्याला बरं वाटलं. फार वर्षांनी त्याने डबा चाटूनपुसून खाल्ला.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी फोटो वाचायला घेतले. त्यांच्या केबिनला बोळात उघडणारं दार होतं आणि बाहेर पोरं ताटकळत होती. आत टेबलाच्या एका बाजूला कॅप्टन बसला होता, धाकटा फायली धरून भिंतीला टेकून उभा होता. डावऱ्या पोराचा फोटो आला तशी बाईंनी चष्मा सरसावला. पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, सॉरी कॅप्टन, हा मुलगा चालणार नाही. नुसता सोळाच्या वरचा नाही, चांगला मोठा दिसतोय.

कॅप्टनच्या तोंडचं पाणी पळालं. शक्यच नाही, तो म्हणाला. त्याच्या गावी मी स्वतः गेलोय, त्याच्या सुईणीशी बोललोय, त्याच्याबरोबरची पोरं पाहिलीयत. पुन्हा काढा. बाई म्हणाल्या, नियम तुम्हाला माहीत आहे. कॅप्टन खुर्चीतून उठला, बसला, पुन्हा उठला. मुख्य कोच, देशाचा माजी कप्तान, एका डॉक्टरणीपुढे अक्षरशः हात जोडून उभा होता, आणि धाकटा भिंतीला टेकून ते घोटाघोटाने पीत होता. हेच त्याला हवं होतं. वडील असेच उभे राहिले होते एकदा, त्या मॅनेजरपुढे.

"खेळाडूच आहे, मार लागलेला असणार," बाई सहज म्हणाल्या आणि पडद्यावर पेन टेकवलं. "हे बघा, करंगळीच्या मुळाचं हाड कधीतरी मोडलंय. वाकडंच जुळलंय."

धाकट्याने डावा हात फायलींखाली सरकवला. जन्मभर लोकांची हाडं वाचणारा माणूस सुडाच्या घाईत स्वतःचं हाड वाचायला विसरला होता. गल्लीत, चेंडूवरून झालेल्या मारामारीत, थोरल्याने बूट घातलेला पाय त्याच्या हातावर दाणकन दिला होता. आईला सांगितलं होतं की जिन्यावरून पडला. खरं फक्त दोघांना माहीत होतं.

कॅप्टन पडद्यावर वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्याने मान वळवून भावाकडे पाहिलं, आधी तोंडाकडे, मग फायलींखाली दडलेल्या डाव्या हाताकडे. दोघांची नजर भिडली. संपलं, धाकट्याच्या मनात आलं. आता हा बोलणार.

"त्याचा हात मोडला होता का कधी?" बाईंनी विचारलं.

"असेल," कॅप्टन सरळ होत म्हणाला. "हो. मोडला होता, बोललाय तो मागे कधीतरी."

बाईंनी तसं लिहून घेतलं. मग दार किलकिलं करून त्यांनी पोराला हाक मारली आणि दोन वाक्यांत निकाल सांगितला. पोराला आधी कळलंच नाही. त्याने कॅप्टनकडे पाहिलं, सर काहीतरी बोलतील म्हणून. सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते.

एक्स-रेच्या खोलीत थोरला धाकट्याच्या मागोमाग आला आणि दार लावून घेतलं.

"तुझं आहे ना ते?"

"हो."

"मला वाटलंच होतं, कधीतरी उट्टं काढशील." थोरला स्टुलावर बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असलाच तर सुटकेचा श्वास होता. "मी आत बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती. तुरुंगात गेला असतास. उपकार मान."

"मग बोल ना, दादा. अजून वेळ गेलेली नाही. तो पोरगा वाचेल."

थोरल्याने मान हलवली. "भावाने असं का केलं म्हणून विचारतील. मग मागचं सगळं उकरून काढतील. माझं कोचपद जाईल, नाव जाईल. या वयात मी कुठे जाऊ? स्पर्धेत एखादी फेरी कमी जिंकू, तेवढंच."

"आणि पोरगा?"

"लहान आहे. दोन-चार वर्षं बंदी येईल. त्याने काही कुणी मरत नाही. तू मेलास का?"

थोरला उठला, त्याच्या खांद्यावर थोपटलं, सकाळी थोपटलं होतं अगदी तसंच. "झालं ना तुझं समाधान? आता फिटांफीट झाली. आईला यातलं काही बोलू नकोस." आणि शिट्टी सरळ करत तो बाहेर गेला.

फिटांफीट. धाकटा मशीनला टेकून उभा राहिला. सूड असा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने वार भावावर केला होता, आणि भावाने नुसतं अंग बाजूला घेतलं होतं, पूर्वी घेतलं तसंच, इतक्या सवयीने की कपडेही चुरगळले नाहीत. मागे उभं असलेलं पोरगं तेवढं आडवं झालं. आणि या खेपेला घाव घालणारा हात त्याचा स्वतःचा होता. त्याला भावाची किळस आली आणि तितकीच आपली. पण राग निवला नाही. उलट आता कुठे तो नीट पेटला.

तो बोळात आला. पोरं जायच्या तयारीत होती, पिशव्या आवरत होती. पलीकडच्या टोकाला कुणीतरी मोठ्याने हाक मारली, "ओ आजोबा."

त्याने मागे वळून पाहिलं. इतक्या वर्षांची सवय. हाकेसरशी मान आपोआप वळते.

हाक त्याला नव्हती. बाकाच्या कडेला डावरा पोरगा डावं मनगट उजव्या हातात धरून बसला होता, आणि टीममधला एक जण त्याच्यापुढे बुटांची पिशवी नाचवत होता. "आजोबा, काठी राहिली तुमची." पोरं हसली. दुष्ट नव्हती ती. त्यांना फक्त काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि हसलं की सोपं जातं. कॅप्टनही हसला, जरासा, पोरांची मनं हलकी करायला. डावऱ्या पोरानेही हसायचा प्रयत्न केला.

ते हसू धाकट्याला पाठ होतं. ते कुठल्या स्नायूने आणतात आणि नंतर जबडा किती दुखतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

तो सरळ डॉक्टरीणबाईंच्या केबिनमध्ये गेला आणि दार मागे उघडंच ठेवलं. बाही वर सारली आणि डावा हात त्यांच्या टेबलावर, पडद्याला लागून, पालथा ठेवला. करंगळीचा सांधा खाली दबलेला होता, कुणालाही दिसावा असा.

"मॅडम," तो म्हणाला, "पडद्यावरचं हाड आणि हे हाड एकच आहे. पोराचा खरा फोटो मशीनमध्ये आहे. हात हलला असं लिहून मीच खोडलाय, पण खोडलेला तो परत आणता येतो. त्याची रेघ उघडी आहे."

बाईंनी हाताकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. याचा अर्थ कळतो का तुम्हाला, असं त्यांनी विचारलं. कळतो, तो म्हणाला. नोकरी जाईल, पोलीस येतील, ते सगळं कळतं.

"पण का केलंत असं? त्या मुलाने काय घोडं मारलं होतं तुमचं?"

"त्याने नाही. कॅप्टनना बोलवा. हे हाड कुणी मोडलं ते आधी त्यांना विचारा. तिथून सुरुवात झाली की बाकीचं ओघाने येईल, मावशीच्या मागच्या खोलीपर्यंत. माझी काही बाकी ठेवणार नाही मी, आणि त्यांचीही नाही."

बाईंनी हाक मारली. कॅप्टन आला तो पोरांना काहीतरी सांगत, हसत आला. दारातच त्याला टेबलावरचा हात दिसला. हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. त्याच्या पाठीमागे बोळात पोरं उभी होती, सकाळी होती तशीच, आणि पहिल्याच ओळीत तो डावरा.

आत काय शिजतंय ते थोरल्याच्या तेव्हाच ध्यानात आलं. मागे न बघता त्याने दार लोटण्यासाठी हात नेला.

"राहू दे उघडं, दादा," धाकटा म्हणाला. "सकाळची गोष्ट पोरांनी ऐकलीय. आता ही पण ऐकू दे."